कोरा कॅनव्हास समोर आला की हात थांबतो? आधी खेळा, मग चित्र काढा



हाताने रंगवलेली चित्रं विकायचा विचार करणाऱ्यांकडून एक प्रश्न फार येतो. "ताई, रंग आणले, कॅनव्हास आणला, ऑर्डरही आली. पण पांढऱ्या कॅनव्हाससमोर बसलं की सुरुवातच होत नाही. बिघडलं तर?" आजचा धडा या प्रश्नावर आहे. व्हिडिओत हात कसा चालवायचा ते दिसेल. इथे क्रम, कारणं आणि हिशोब सविस्तर देते, म्हणजे रंगवायला बसताना हे पान समोर ठेवता येईल.

धड्याचं सार आधीच सांगते: चित्राचे पहिले थर खेळून करा, एकदम सहा कॅनव्हासवर करा, आणि चित्र काय काढायचं ते नंतर ठरवा. खेळ मोकळा, पण मैदान आखलेलं. याने भीती तर जातेच, शिवाय एका चित्रामागचा वेळ कमी होतो. आणि धंद्यात वेळ म्हणजे पैसा, हे वेगळं सांगायला नको.

भीती खरी आहे, कारण पैसे खरे आहेत

आमच्या दुकानात रोज दिसतं. पहिल्यांदा येणारा माणूस २४ रंगांचा सेट, मोठा कॅनव्हास आणि ब्रशचं पाकीट घेऊन जातो. महिन्याने विचारलं तर कॅनव्हास प्लास्टिकमध्येच असतो. आळस हे त्याचं कारण नाही. त्या पांढऱ्या चौकोनात आपले पैसे अडकलेत, आणि पहिली रेघ चुकली तर ते गेले, असं डोक्यात बसलेलं असतं.

माझ्या बॅचमधल्या एक ताई उत्तम चित्र काढतात. पण पद्धत अशी, की मोबाइलवर फोटो लावायचा, पेन्सिलने बारीक आखणी करायची आणि मग आखणीत रंग भरत जायचं. एका चित्राला चार दिवस. आकाश शेवटी राहायचं, ते रंगवताना कडा झाकल्या जायच्या, मग परत दुरुस्ती. चित्र आठशेला विकलं की वाटायचं, झाला फायदा! चार दिवसांची मजुरी मात्र कुठेच धरलेली नव्हती. त्यांच्या हातात काहीच कमी नव्हतं. क्रम उलटा होता, एवढंच.

मोठ्या चित्रकारांनीही पहिला थर सैल ठेवून कामं केली आहेत. नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, उतरवायचे. अमेरिकेत हेलन फ्रँकेन्थेलर यांनी १९५२ साली 'माउंटन्स अँड सी' हे चित्र करताना कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर पातळ केलेला रंग ओतला. आपल्याला त्यांची नक्कल करायची नाही. फक्त एवढं लक्षात घ्या, की हातातला ब्रश बाजूला ठेवला तरी चित्र सुरू होऊ शकतं.

सामान: कमी आणा

या धड्यात आपण अ‍ॅक्रेलिक रंग वापरतोय, कारण ते लवकर वाळतात आणि वाळल्यावर पाण्याने निघत नाहीत. थरावर थर देता येतो तो त्यामुळेच.

- पाच ट्यूब: टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि क्रिमसन. काळा आणू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की छान गडद राखाडी मिळतो.
- १० बाय १२ इंचाचे सहा कॅनव्हास बोर्ड. जेसो, म्हणजे पांढरं अस्तर, आधीच लावलेले घ्या.
- एक दोन इंची चपटा ब्रश, एक मध्यम, एक बारीक.
- घरातलं सामान: जुनं एटीएम कार्ड, भांडी घासायचा नवा स्पंज, बबल रॅपचा तुकडा, तुटका कंगवा, जुना टूथब्रश, लेसचा तुकडा, पाण्याची स्प्रे बाटली, सुती फडकी.
- कोळशाची कांडी किंवा साधी मऊ पेन्सिल.

सुरुवातीला विद्यार्थी दर्जाचे रंग चालतात. कॅमलिन, फेविक्रिल जे गावात मिळेल ते घ्या. पांढरा मात्र मोठ्या ट्यूबमध्ये घ्या, तो सगळ्यात आधी संपतो.

मैदान आखून घ्या

खेळायचं म्हटलं की लोक सगळे रंग एकदम काढतात आणि शेवटी चिखल होतो. म्हणून तीन नियम:

१. एका बैठकीत पांढरा धरून चारच रंग.
२. प्रत्येक थराला घड्याळ लावायचं. वेळ संपली की हात थांबवायचा.
३. एकाच कॅनव्हासवर रेंगाळायचं नाही. सहाही ओळीत मांडा आणि फिरत राहा. सहाव्यावर पोचेपर्यंत पहिला बराचसा वाळलेला असतो.

तिसरा नियम सगळ्यात कामाचा. कॅनव्हास एकच असला की तो 'हा बिघडायला नको' असा होतो. सहा असले की हात सैल सुटतो.

पाच थर, सहा कॅनव्हास, एक बैठक

थर १: पांढरा घालवा (२० मिनिटं). यलो ऑकरमध्ये थोडं पाणी घालून मोठ्या ब्रशने सगळीकडे पसरा. एकसारखं लागलं पाहिजे असं काही नाही. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे फडक्याने पुसलेलं चालेल. उबदार रंगाचा पाया असला की वरच्या निळ्या-राखाडी रंगांमधून तो डोकावतो आणि चित्र थंड पडत नाही. पाणी जपून घाला. पाणी फार झालं तर रंगाला धरून ठेवणारा घटक विरळ होतो आणि पुढचा थर देताना खालचा सुटायला लागतो.

थर २: खुणा करा (२० मिनिटं). आता कोळसा किंवा पेन्सिल घ्या. डाव्या हाताने रेघोट्या मारा. मोडी गिरवल्यासारखं काहीतरी गिरवा, बाजाराची यादी लिहा, गोल काढा. यातलं बरंचसं झाकलं जाणार आहे, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही. मग बोटाने थोडं फासा. ज्याला चित्र येत नाही असं वाटतं, त्याने हा थर नक्की करा. आपल्या हाताची चाल यात सापडते, आणि ती दुसऱ्या कुणाची नसते.

थर ३: मोठे आकार (४५ मिनिटं). हा थर सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जास्त वेळ. एटीएम कार्डाच्या कडेला रंग घ्या आणि कॅनव्हासवर ओढा. एक मोठा आकार, एक मध्यम, दोन-तीन छोटे. सगळे सारख्या मापाचे झाले तर फरशी बसवल्यासारखं दिसतं.

इथे रंगाचं एक तत्त्व पाळा. नारिंगी-निळा, लाल-हिरवा, पिवळा-जांभळा या विरुद्ध जोड्या आहेत. ओल्यात एकमेकांत गेल्या की मातकट होतात. तेच रंग वाळलेल्या थरावर एकाशेजारी एक बसले तर दोन्ही खुलतात. म्हणून ओल्यात एकाच घराण्याचे रंग: आधी ऑकर, सिएना आणि पांढरा. हे वाळू द्या. मग निळा आणि निळ्यात पांढरा. वाळलंय का ते हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वाळायला वेळ लागतो. पंखा किंवा हेअर ड्रायर लावा, पण ड्रायर एकाच जागी धरू नका.

थर ४: पोत (३५ मिनिटं). बबल रॅपला रंग लावून छापा. लेस ठेवून त्यावर स्पंजने टिपा. ओल्या रंगातून कंगवा ओढा. टूथब्रशने शिंतोडे उडवा. ओल्या रंगावर पाण्याचा फवारा मारून अर्ध्या मिनिटाने फडक्याने टिपा, खालचा रंग ठिपक्यांतून वर येतो. एका कॅनव्हासवर यातल्या दोनच युक्त्या वापरा. पाचही वापरल्या तर सगळं एकाच वेळी बोलायला लागतं.

थर ५: सांधणारा पातळ थर (३० मिनिटं). वाळल्यावर एक रंग अगदी पातळ करून अर्ध्या-पाऊण भागावर फिरवा आणि फडक्याने टिपा. पाण्याऐवजी अ‍ॅक्रेलिक मीडियम असेल तर उत्तम. सुटे सुटे दिसणारे आकार याने एका प्रकाशात आल्यासारखे होतात.

मांडामांड आणि आवराआवर यांचा अर्धा तास धरला तर सगळे मिळून तीन तास. हातात सहा पार्श्वभूमी तयार. रंगीत पाणी थेट मोरीत ओतू नका. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी हळूच ओता आणि तळाचा गाळ कागदात पुसून कचऱ्यात टाका.

आता चित्र शोधा

सहाही भिंतीला टेकवून ठेवा आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी लांबून बघा, उलटे करून बघा, आडवे करून बघा. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना डाग पडलेल्या भिंतींकडे बघायचा सल्ला लिहून ठेवला आहे. त्यात डोंगर, झाडं, लढाया, चेहरे दिसू लागतात, असं तो म्हणतो. आपणही लहानपणी पावसाने ओल आलेल्या भिंतीवर हत्ती-घोडे बघितलेच आहेत. तेच करायचं.

एकात घाटातलं धुकं दिसेल, एकात नदीकाठ, एकात नुसतीच भिंत आणि त्यापुढे मांडायला तीन मडकी. काहीच दिसलं नाही तर मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. गडद कुठे, उजळ कुठे हे लगेच कळतं. सगळं एकसारखं राखाडी दिसत असेल तर एक जागा गडद करा किंवा एक जागा उजळ. मुख्य वस्तू तिथेच बसवायची, जिथे गडद आणि उजळ समोरासमोर येतात.

झाकून चित्र काढायचं

ही युक्ती शिकलात तर अख्खा धडा वसूल. समजा तीन मडकी हवीत. मडकी रंगवायची नाहीत. मडक्यांची बाहेरची रेघ खडूने आखा आणि मडक्यांच्या बाहेरचा भाग एका रंगाने झाका. निळ्यात भरपूर पांढरा घातला की रंग दाट, झाकणारा होतो. तो मडक्याभोवती लावत जा. आत राहतो तो आपला खेळलेला थर: रेघोट्या, लेसची नक्षी, ऑकरचे डाग. मडकं आपोआप पोतदार दिसतं. असा पोत ठरवून रंगवायचा म्हटला तर दोन दिवस जातील.

झाकणारा रंगही अगदी सपाट लावू नका. दोन-तीन ठिकाणी खालचं थोडं दिसू द्या, नाहीतर मडकी कापून चिकटवल्यासारखी दिसतात. मग एका बाजूला पातळ गडद रंगाची सावली, दुसऱ्या बाजूला एक उजळ रेघ आणि खाली जमिनीवर पडछाया. पाने, पक्षी, वाड्याची कमान, तुळशीवृंदावन, सगळ्यांना हीच पद्धत चालते.

इथे लोक अडकतात

- पार्श्वभूमीच्या प्रेमात पडणं. एक कोपरा इतका छान होतो की तो झाकवत नाही. मग सगळं चित्र त्या कोपऱ्याच्या भोवती ओढलं जातं. फोटो काढून ठेवा आणि झाका.
- तेलरंगावर अ‍ॅक्रेलिक. खाली अ‍ॅक्रेलिक आणि वर तेलरंग चालतं. उलटं केलं तर वरचा थर पुढे निघू शकतो.
- ओल्याचा रंग खरा मानणं. अ‍ॅक्रेलिक वाळल्यावर थोडा गडद होतो. हवा त्यापेक्षा जरा उजळ रंग मिसळा.
- घाईचं पॅकिंग. नवं अ‍ॅक्रेलिक प्लास्टिकला चिकटतं. उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत तर बबल रॅपचे गोल चित्रावर उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, आणि फुगे बाहेरच्या बाजूला.

आता हिशोब

बीबीएच्या पुस्तकात याला बॅच प्रॉडक्शन म्हणतात. आपल्या घरी त्याला दिवाळीच्या चकल्या म्हणतात! एका चकलीसाठी कुणी कढई तापवत नाही. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा.

एका चित्राचं सामान:
- कॅनव्हास बोर्ड: १२० रुपये
- रंग: ४० रुपये
- मीडियम आणि वार्निश: २० रुपये
- पॅकिंग: ४५ रुपये
- एकूण: २२५ रुपये

मजुरी तासाला १०० रुपये धरू. स्वतःची मजुरी धरायचीच, ती धरली नाही तर तो धंदा नाही, हौस आहे.

एकेक चित्र केलं तर: मांडामांड, थर, मध्ये वाळायची वाट, आवराआवर मिळून पार्श्वभूमीला दीड तास. वरचं चित्र दोन तास. एकूण साडेतीन तास, ३५० रुपये. खर्च २२५ अधिक ३५०, म्हणजे ५७५ रुपये.

सहा एकदम केली तर: पार्श्वभूमीचे तीन तास सहांत वाटले की प्रत्येकी अर्धा तास. वरचं चित्र दोन तास. एकूण अडीच तास, २५० रुपये. खर्च २२५ अधिक २५०, म्हणजे ४७५ रुपये.

एका चित्रामागे १०० रुपये वाचले, आणि सहा चित्रांमागे सहा तास. हे सहा तास आणखी रंगवायला वापरा नाहीतर घरच्यांना द्या, तुमचे आहेत.

आता विक्री. समजा गिफ्ट शॉपवाला ३० टक्के कमिशन घेतो. किंमत ९०० ठेवली तर २७० त्याचे, तुमच्या हातात ६३०. खर्च ४७५ वजा केला की नफा १५५. गिऱ्हाईक म्हणालं, "६०० ला द्या ना," आणि तुम्ही दुकानातून ६०० ला दिलं तर? १८० कमिशन जाऊन उरले ४२०. खर्च ४७५. म्हणजे ५५ रुपये तुम्ही पदरचे घातले, आणि चित्रही गेलं! वर ज्या ताईंचं सांगितलं, त्यांनी हा कागद पहिल्यांदा मांडला तेव्हा बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतके दिवस दुकानदाराला चित्रं भेट देत होते." आता त्या शनिवारी पार्श्वभूमी करतात आणि आठवडाभर ऑर्डरप्रमाणे चित्रं पूर्ण करतात.

आणि एखादी पार्श्वभूमी जमलीच नाही तर? वाळवा, वर नवा थर द्या. बोर्ड वाया जात नाही. कितीदा तर असा दोनदा झाकलेला बोर्डच सगळ्यांत छान निघतो, कारण त्याच्या पोटात जास्त थर असतात.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं

सैल थरांची पद्धत घेतली की एक गोष्ट हातून जाते: हुबेहूब दुसरी प्रत. ते आधीच सांगून टाका. "फोटोतल्यासारखं डिट्टो हवं" म्हणणाऱ्याला होकार देऊन नंतर वाद घालण्यापेक्षा त्याला निवड द्या. तयार पार्श्वभूमींना १ ते ६ नंबर द्या, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि लिहा: "यातली कुठली आवडते ते सांगा, त्यावर तुमच्यासाठी चित्र पूर्ण करून देते. अशी दुसरी होणार नाही." गिऱ्हाइकाने स्वतः निवडलेलं असलं की तक्रार कमी येते. तयार पार्श्वभूमी हाताशी असल्यामुळे डिलिव्हरीही लवकर होते. अर्धा अ‍ॅडव्हान्स नंबर निवडल्यावर घ्या, आधी नाही.

दुसरं, इंटरनेटवरचं कुणाचं चित्र बघून तसंच काढून विकू नका. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या चित्राचे हक्क राखलेले असतात. तुमचे पहिले तीन थर तुमच्या हातचे असतील आणि चित्रही त्यांच्यातूनच शोधलेलं असेल, तर नकलेचा मोह आपोआप कमी होतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. सहा कॅनव्हास परवडत नसतील तर जाड कार्डशीटचे पोस्टकार्डाएवढे सहा तुकडे कापा. जेसो लावून वाळवा आणि त्यांवर पाचही थर करा.
२. प्रत्येक थराला किती वेळ लागला ते वहीत लिहा. माझी मिनिटं वापरू नका, तुमची लिहा.
३. एका तुकड्यावर झाकून एक मडकं किंवा एक पान काढा.
४. तुमचे भाव घालून वरचा हिशोब मांडा. शेवटी एक आकडा लिहा: याच्याखाली मी विकणार नाही. तो आकडा रंगवायच्या टेबलासमोर चिकटवा.

सहा तुकडे आणि वहीतलं पान, दोन्हींचा एकत्र फोटो पाठवा. पुढच्या भागात वार्निश कधी आणि कसं लावायचं ते बघू, आणि प्रदर्शनाच्या स्टॉलचं भाडं किमतीत कसं धरायचं तेही. तोपर्यंत हात रंगू द्या!